ताडोबा शेजारी असताना सिंगापूरचं झू कशाला?

प्रश्न : नमस्कार. आम्ही मनीषनगरला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच परदेशात, सिंगापूरला चाललोय. मी, मिस्टर, अकरावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि सासूबाई (वय ७१). हातात पूर्ण दिवस चारच आहेत. ट्रॅव्हल एजंटने त्यातला एक दिवस झू, रिव्हर वंडर्स (नद्यांतल्या प्राण्यांचं पार्क) आणि नाइट सफारी अशा कॉम्बोसाठी धरलाय. मिस्टर म्हणतात, "ताडोबा शेजारी असताना तिकडचे कोंडलेले वाघ काहून पाहायचे?" मुलगी म्हणते झू म्हणजे तुरुंग, मी पाय ठेवणार नाही. मुलाने वर्गात जाहीर करून टाकलंय की तो जिराफ बघणार. सासूबाईंना विचारलं तर "तुम्ही म्हणाल तिकडे." पैसा जमवून निघालोय, दिवस वाया जायला नको. झूला जावं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर :

नमस्कार ताई,

जा. पण पाचही जण जाऊ नका, आणि ते कॉम्बो आजच काढायला सांगा.

आता मिस्टरांचं बोलू. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि जेवढं बरोबर आहे तेवढं अगदी पक्कं आहे. वाघासाठी नागपूरच्या माणसाने जगातल्या कुठल्याच झूचं तिकीट काढू नये. महाराष्ट्रातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच आपल्या विदर्भात आहेत: ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर आणि नवेगाव-नागझिरा. शिवाय उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तिथला 'जय' नावाचा वाघ २०१६ साली दिसेनासा झाला, तरी त्याचं काय झालं यावर आजही कुठल्याही पानठेल्यावर चार मतं ऐकायला मिळतात. जंगलात वाघ दिसण्याचा भरवसा नसतो म्हणून पोराचा हिरमोड नको असेल, तर काटोल रोडला गोरेवाडा आहे. तिथली इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. बसमध्ये बसून वाघ, बिबट, अस्वलं बघता येतात. सोमवारी बंद असते, एवढं लक्षात ठेवा. तेव्हा वाघ हा मुद्दा यादीतून खोडून टाका.

पांढरा वाघही खोडा, कारण एजंट तो नक्की पुढे करेल. जगभरच्या झूंमधल्या जवळपास सगळ्या पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष आपल्या शेजारच्या रीवा संस्थानात १९५१ साली पकडलेला 'मोहन' हा बछडा. त्याच्यापासून रंग टिकवण्यासाठी नात्यातल्या नात्यात पैदास केली गेली. तिरळे डोळे आणि इतर व्यंगं त्यातूनच आली. ही काही वेगळी जात नव्हे, वाघ वाचवण्याशीही तिचा संबंध नाही. सिंगापूर काय नि आणखी कुठलं शहर काय, पांढऱ्या वाघाच्या जाहिरातीवर पैसे घालवू नका.

पण मिस्टरांचा मुद्दा इथे संपतो. झू म्हणजे वाघ हे समीकरण आपण वाघाच्या प्रदेशातली माणसं असल्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय. जिराफ ताडोबात नाही. ओरांगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांवर आहे. ते लांब लोंबत्या नाकाचं, पोट सुटलेलं प्रोबोसिस माकड फक्त बोर्निओत. मलायी टॅपिर म्हणजे पुढून-मागून काळा आणि मधे पांढरा, जणू कुणी पाठीवर चादर टाकून विसरलंय. तोही आपल्या जंगलात नाही. यातलं काहीही खऱ्या जंगलात बघायला निघालात तर सिंगापूरच्या पुढे आणखी एक विमान, एक बोट आणि बराच खर्च आहे. दुसरीतल्या मुलाला घेऊन ते होणार नाही.

आणि 'शेजारचं ताडोबा' फुकट आहे असंही त्यांनी भासवू नये. जिप्सी, गाइड, परवाना मिळून एका फेरीचे काही हजार जातात. दिवाळीचं बुकिंग आधीच भरतं. मंगळवारी बंद, पावसाळ्याचे तीन महिने गाभा क्षेत्र बंद. खरं सांगा, गेल्या काही वर्षांत तुमच्या घरचे किती वेळा गेलेत? नागपुरात बरीच घरं अशी आहेत जिथे ताडोबाचा अभिमान दर रविवारी निघतो, गाडी मात्र निघत नाही.

हे जमाखर्चाचं झालं. खरं ठरवायचं ते असं की त्या शहरातलं झू आपल्याला असं काय दाखवतं जे आपल्या गावात नाही, आणि घरातल्या कुणाला ते बघायचंय. "खूप प्रसिद्ध आहे" हे दोन्हींपैकी कशाचंच उत्तर नाही. सिंगापूरचं झू प्रसिद्ध का आहे हे कळलं तर तुमच्या घरात ते कुणाच्या उपयोगाचं आहे हेही कळेल, म्हणून थोडं त्याबद्दल.

ते १९७३ साली सुरू झालं. शहराच्या उत्तरेला मंडाई भागात आहे. जागा पाणीपुरवठ्याच्या जलाशयाभोवती राखलेल्या जंगलातली. कल्पना पुढे रेटली तीही तिथल्या पाणी-वीज खात्याच्या अध्यक्षांनीच. तळ्याकाठचं राखीव रान आहे, तिथे कारखाने-घरं बांधता येत नाहीत, मग लोकांसाठी बाग का नको, असा साधा हिशेब. आपल्याला हे परकं वाटायला नको. गोरेवाड्याचं तळंही नागपूरच्या पाण्यासाठीच राखलेलं, आणि त्याच्याभोवतीचं रान टिकलं म्हणून आज तिथे सफारी उभी राहू शकली.

या झूची ख्याती आहे ती पिंजऱ्याचे गज न दिसण्याची. प्राणी आणि माणूस यांच्यामध्ये पाण्याचे चर, खोल खंदक, काचा, झाडोरा. ही युक्ती त्यांची नव्हे. जर्मनीत हाम्बुर्गला कार्ल हागेनबेक याने १९०७ मध्येच खंदकांचं प्राणिसंग्रहालय उभं केलं होतं. पण सिंगापूरने ती विषुववृत्तावरच्या दाट हिरवाईत वापरली आणि तिथे ती फारच शोभली. आपलं महाराजबाग भोसल्यांच्या काळातलं, आता कृषी विद्यापीठाकडे आहे. जुन्या वळणाच्या त्या बागेत गजांमागचे प्राणी बघत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. ज्याने झू म्हणून तेवढंच पाहिलंय त्याला मंडाईत पहिला अर्धा तास थोडं चुकल्यासारखं वाटतं.

त्यातही ओरांगउटान. दोरखंड आणि झाडं अशी बांधलीत की ते तुमच्या डोक्यावरून जातात. मादी पोटाशी पिल्लू धरून एका हाताने फांदी पकडते, दुसऱ्या हाताने पुढची चाचपते, भार पेलते का बघते आणि मगच पहिली सोडते. हे पंधरा मिनिटं शांतपणे बघितलं तर दिवसाचे पैसे वसूल. दुसरं, 'फ्रॅजाइल फॉरेस्ट' नावाचं जाळीखालचं जंगल. तिथे लेमूर, स्लॉथ, मोठी वटवाघळं आणि फुलपाखरं मोकळी असतात आणि आपण त्यांच्यातून चालतो. मुलाला सांगून ठेवा, हात लावायचा नाही. मोठ्यांनाही सांगा, आपल्याकडे मोठ्यांनाच जास्त सांगावं लागतं.

आता मुलगी. तुमच्या पत्रात तिला एकच ओळ आहे, आणि त्या ओळीतून थोडा वैताग दिसतो. माझं मत विचाराल तर घरात या विषयावर सगळ्यांत जास्त विचार तिनेच केलाय. तिला "नखरे करू नको, एवढे पैसे भरलेत" असं म्हणून नेऊ नका. तिचा प्रश्न खरा आहे आणि सिंगापूरच्या झूमध्येच त्याची दोन्ही बाजूंची उत्तरं सापडतात.

तिच्या बाजूचं उत्तर म्हणजे इनुका. हा ध्रुवीय अस्वलाचा पिल्लू १९९० च्या डिसेंबरात या झूमध्ये जन्मला. उष्ण कटिबंधात जन्मलेलं ते पहिलं ध्रुवीय अस्वल म्हणून केवढं कौतुक झालं. २००४ मध्ये तो आणि त्याची आई चक्क हिरवे दिसू लागले, कारण त्या दमट हवेत त्यांच्या पोकळ केसांच्या आत शेवाळं वाढलं होतं. बर्फातला प्राणी विषुववृत्तावर ठेवला की काय होतं हे याहून वेगळं सांगायला नको. टीका झाली, आणि २००६ मध्ये झूने जाहीर केलं की यापुढे ध्रुवीय अस्वलं आणणार नाही. इनुका म्हातारा झाला, सांधे गेले, आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याला वेदनांतून सोडवण्यासाठी कायमचं झोपवलं. त्याच्या जागी दुसरं अस्वल आलं नाही. मुलगी 'तुरुंग' म्हणते तेव्हा ती हेच म्हणत असते, आणि इतक्या नावाजलेल्या संस्थेलाही ते शेवटी मान्य करावं लागलं.

दुसऱ्या बाजूचं उत्तर म्हणजे आह मेंग. सुमात्राची ही ओरांगउटान मादी १९७१ मध्ये सिंगापुरातल्या एका घरात बेकायदा पाळलेली सापडली. पिल्लू असताना चोरून आणलेली, माणसांत वाढलेली, जंगलात परत सोडता न येणारी. अशा प्राण्याचं करायचं काय, हे 'सगळी झू बंद करा' या घोषणेत येत नाही. ती झूमध्ये राहिली, पर्यटक तिच्या शेजारी बसून नाश्ता करत. हा प्रकार मला आज फारसा रुचत नाही, पण त्यामुळे ती त्या शहराचा चेहरा झाली हे खरं. २००८ मध्ये ती गेली तेव्हा निरोपाला हजारो लोक जमले. गोरेवाड्यातही सफारीच्या आधीपासून बचाव केंद्र आहे. विहिरीत पडलेला बिबट, आई गमावलेले बछडे, माणसांवर हल्ले केले म्हणून पकडलेला वाघ, यांना कुठेतरी ठेवावंच लागतं.

आणि एक गोष्ट तिला जरूर सांगा, कारण ती आपल्या दारातली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये गिधाडं आणली गेली. कुठून? हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने आपली गिधाडं इतकी संपवली होती की बंदिस्त जागेत पैदास केल्याशिवाय परत आणायला पक्षीच उरले नव्हते. पुढे त्यांतलं ताडोबाचं एक गिधाड उडत उडत पार तमिळनाडूत पोचलं. पिंजोर हे झू नव्हे, तिथे तिकीट काढून कुणी जात नाही, हे मान्य. पण पिंजरा आणि जंगल यांच्यातली रेषा दिसते तितकी सरळ नाही, एवढं तिला त्यावरून कळेल. त्यानंतरही ती म्हणाली की मी येणार नाही, तर तिचं ऐका.

कारण तिच्यासाठी आणि मिस्टरांसाठी त्याच दिवशी, त्याच दिशेला याहून चांगली जागा आहे. सुंगेई बुलोह नावाची पाणथळ जागा. खारफुटीचं जंगल, लाकडी पायवाटा, प्रवेश फुकट. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी मोकळ्या राहतात, आपल्या घोरपडीची भलीमोठी भावंडं वाटेवर ऊन खात पडलेली असतात, चिखलात निवटी मासे पंखांवर सरकतात. सप्टेंबर ते मार्च हा उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांचा मोसम, म्हणजे तुमची दिवाळी बरोबर त्यात येते. दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर कुणाकडून मागून घ्या. "कोंडलेलं काहून पाहायचं" म्हणणाऱ्या माणसाला न कोंडलेलं दाखवायचं असेल तर हीच जागा, आणि तिथे मगर न दिसल्यास तक्रार करायला कुणी नाही, हेही त्यांना ताडोबासारखंच वाटेल. बापलेकींना एक सकाळ एकमेकांसोबत मिळेल, तीही फुकट. अकरावीच्या क्लासेसमधून ती एरवी कुठे मिळते?

म्हणजे झूला तुम्ही, मुलगा आणि सासूबाई. पण सासूबाईंचं "तुम्ही म्हणाल तिकडे" हे उत्तर मानू नका. आपल्याकडची ही पिढी नाही म्हणत नाही, मग दुपारी बाकावर बसते आणि "मी इथेच थांबते, तुम्ही बघून या" म्हणते. आपण परत येईपर्यंत एकटीच बसून राहते. त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. एकट्या असताना विचारा, आणि "येता का" असं न विचारता "गुडघे किती वेळ चालतील" असं विचारा. झूमध्ये चढउतार फार नाहीत, सावली भरपूर, आत ट्राम फिरते, चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. गुडघे दीड-दोन तास साथ देत असतील तर त्यांना नक्की आवडेल. नसतील तर त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी बोटॅनिक गार्डन ठेवा. १८५९ ची बाग आहे, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत, प्रवेश फुकट, फक्त आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट. ज्यांनी आयुष्यभर गॅलरीतल्या कुंड्या जपल्या त्यांना ती बाग झूपेक्षा जास्त देते. झूच्या तिकिटातली ज्येष्ठांची सवलत मात्र सिंगापूरच्या रहिवाशांनाच असते, तेव्हा ती गृहीत धरू नका. जेवणाचीही चिंता नको. संध्याकाळी शहरात आलात की लिटल इंडियात सिरंगून रोडला १९४७ पासूनचं कोमला विलास आहे, शुद्ध शाकाहारी. तिथे भाजी-भाकर नाही, पण डोसा आणि भात-सांबारावर त्यांचा दिवस निघेल.

पैशाचं. मोठ्या माणसाचं झूचं तिकीट रुपयांत तीन-साडेतीन हजारांच्या घरात पडतं. तेरा वर्षांपासून पुढे पूर्ण तिकीट, म्हणजे मुलीचंही पूर्णच. पाच जणांचे पंधरा-सोळा हजार होतात. दोन मोठे आणि एक मूल धरलं तर नऊ-दहा हजार. दर बदलत असतात, काढायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या. ही रक्कम मोठी आहे, तुमच्याइतकीच मलाही मोठी वाटते. नुसता जिराफच बघायचा असता तर मी म्हटलं असतं, म्हैसूरला जा. १८९२ पासूनचं तिथलं झू आपल्या देशातल्या चांगल्यांपैकी आहे, जिराफ आहे, गोरिलाही आहे. पण तुम्ही सिंगापूरला चाललाच आहात. विमानाचा खर्च झालेला असताना मुलाला म्हैसूर दाखवून गप्प करता येणार नाही.

कॉम्बोवर मी एवढी का चिडले ते आता सांगते. मंडाईत आज पाच वेगवेगळी ठिकाणं आहेत: झू, नाइट सफारी, रिव्हर वंडर्स, २०२३ मध्ये जुरोंगहून हलवलेलं पक्ष्यांचं बर्ड पॅराडाइज आणि २०२५ ला उघडलेलं रेनफॉरेस्ट वाइल्ड एशिया. प्रत्येकाचं तिकीट वेगळं. प्रत्येक जादा पार्कामागे दर थोडा उतरतो आणि तिथेच माणूस फसतो. झू सकाळी साडेआठला उघडतं, नाइट सफारी संध्याकाळी सव्वासातला. मधे रिव्हर वंडर्स. म्हणजे एकाहत्तर वर्षांच्या बाई आणि सात वर्षांचं पोरगं तेरा-चौदा तास घराबाहेर, त्या दमट हवेत. आपण मे महिन्यातले पंचेचाळीस अंश सोसतो म्हणून फुशारकी मारू नका. तिथे पारा बत्तीसच्या आसपासच असतो, पण घाम वाळतच नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या शरीराला दुपारपर्यंत तो ओलेपणाच थकवतो.

नाइट सफारीबद्दल दोन शब्द, कारण ती वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. १९९४ मध्ये सुरू झालेली जगातली पहिली खास रात्रीची सफारी. चांदण्यासारखा मंद उजेड, ट्रामची फेरी, शिवाय पायवाटा. पायवाटेवरची मासेमार मांजरं आणि खवल्या मांजर हे तिथलं खरं धन आहे. पण ट्राममधून दिसणाऱ्यांत अस्वल, तरस अशी आपल्याकडची मंडळीही बरीच निघतात. वय झालेल्या डोळ्यांना त्या उजेडात फार कमी दिसतं, आणि फ्लॅश वापरायला बंदी आहे. मुलगा झोपेल ही भीती मात्र नको. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथे रात्रीचे नऊ म्हणजे त्याच्या पोटातले साडेसहा. दिवसभर झू न करता एखाद्या संध्याकाळी फक्त तेवढंच केलं तर मजा येईल. पण दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर तुमच्या घराला दिवसाचं झू, कारण जिराफ तिथे आहे.

हाच अडीच तासांचा फरक सकाळी उलटा अंगावर येतो. तिथले साडेआठ म्हणजे आपले सहा. नागपूरहून थेट विमान नाही, मुंबईत किंवा आणखी कुठे तरी बदलून जाणार, पोचेपर्यंत सगळे आंबलेले असतील. म्हणून झू पहिल्या दिवशी ठेवू नका. तिसरा दिवस ठेवा, आठवड्यातला मधला वार बघा, आणि शक्य असेल तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत. त्यानंतर तिथल्या शाळांना वर्षअखेरची सुट्टी लागते आणि सगळं सिंगापूर मुलांना घेऊन तिथेच येतं. या दिवसांत दुपारी धो धो पाऊस ठरलेला. सकाळी पोचून एक-दीडला बाहेर पडायचं, हे ऊन आणि पाऊस दोन्हींवरचं उत्तर आहे. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा, चाकाची खुर्ची ढकलायची असेल तर दोन्ही हात मोकळे लागतात.

जायचं असं: मेट्रोच्या लाल मार्गावर खातिब स्टेशनला उतरा, तिथून मंडाईची शटल बस आहे, पंधरा-वीस मिनिटांत दारात. मिस्टर आणि मुलगी त्याच गाडीत पुढे क्रांजीपर्यंत जातील आणि तिथून सुंगेई बुलोहची बस घेतील. म्हणजे सकाळी हॉटेलमधून सगळे एकत्रच निघाल, भांडण झालंच तर खातिबपर्यंतच होईल. आत शिरल्यावर नकाशा बघत सगळं झू पालथं घालू नका. मुलाला आधी जिराफाकडे न्या, नाहीतर तो बाकी काहीच बघणार नाही. जिराफाला खाऊ घालण्याचं वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ असते, ते आधीच ऑनलाइन काढा. मग ओरांगउटान, मग जाळीखालचं जंगल. उरलं ते उरलं.

पुढच्या सहलींसाठी एक सांगून ठेवते, कारण हाच एजंट पुढच्या वर्षी बँकॉक-पटाया घेऊन येईल. वाघाच्या बछड्याला मांडीवर घेऊन फोटो काढू देणारी जागा दिसली की पाठ फिरवा, तिला कुणी मंदिर म्हणो की अभयारण्य. थायलंडच्या कांचनाबुरीतल्या अशाच एका 'टायगर टेंपल'मधून २०१६ साली सरकारने शंभरावर वाघ बाहेर काढले आणि फ्रीझरमध्ये बछड्यांची कलेवरं सापडली. बाकी झूंमध्ये प्राण्याच्या पायांकडे बघा. एकाच रेषेत पुढे-मागे, पुढे-मागे न थांबता फेऱ्या मारणारा प्राणी बरा नाही. त्याला आपल्या नजरेपासून लपायला जागा आहे का तेही बघा. एखाद्या मोठ्या आवारात दहा मिनिटं उभं राहूनही प्राणी दिसला नाही, तर ते झूचं वैगुण्य नाही, चांगुलपणा आहे. मुलाला हे पटणार नाही, मुलीला पटेल.

आता एजंटला फोन करा. तो म्हणेल, कॉम्बो पॅकेजमध्येच आहे, वेगळं काढता येत नाही, पैसे परत मिळणार नाहीत. पहिल्या दोन गोष्टी बहुधा खऱ्या नसतात, तिसरी लेखी मागा. खरंच पैसे परत मिळत नसतील तर नाइट सफारी दुसऱ्या संध्याकाळी वेगळी ठेवायला सांगा आणि ती तिकिटं मिस्टर आणि मुलीला द्या, तिचं मन तोवर वळलं असेल तर. नाहीतर मिस्टर आणि मुलगा जातील. झूच्या दिवशी जेवण झाल्यावर फक्त रिव्हर वंडर्स करा. ते शेजारीच आहे, तासा-दीड तासात होतं, आणि पांडा ठेवलेला भाग थंडगार असतो. सासूबाईंना तिथे बसायलाही बरं वाटेल.